जमीन आली कशी, गेली कशी: अमेरिकेतल्या काउंटी दप्तरांत पूर्वज शोधताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. जावई अमेरिकन आहेत आणि नातीसाठी तुम्ही दोन्ही घराण्यांची वंशावळ करायला घेतली आहे. आपल्याकडची बाजू कुलवृत्तांतामुळे बरीचशी हाताशी आहे. जावयांच्या आजोळची बाजू मात्र नॉर्थ कॅरोलिनातल्या लिंकन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १८५० च्या खानेसुमारीपाशी येऊन अडली. तिथे ४४ वर्षांचा एक शेतकरी, त्याची बायको आणि मुलं दिसतात. त्याचे आईवडील कोण, हे कुठेच नाही. काउंटीच्या साइटवर नाव टाकलं तर निकाल शून्य. पैसे भरून घेतलेल्या वंशावळीच्या साइटवर त्याच माणसाला तीन वेगवेगळे बाप लावलेले, आणि एकालाही पुरावा नाही. जुनी खरेदीखतं आणि कोर्टाचे कागद ऑनलाइन कुठे आणि कसे शोधायचे, असं तुम्ही विचारलंय.

मी कॅरोलिनातच जमिनींच्या टायटलची तपासणी करतो आणि त्याच दप्तरांतून लोकांच्या वंशावळीही शोधून देतो. म्हणून आधी एक स्पष्ट सांगतो. ‘कुठे शोधू’ हा तुमच्या अडचणीचा सोपा भाग आहे. १८५० च्या आधीच्या खानेसुमारीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकी सगळे वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे. नॉर्थ कॅरोलिनात राज्यभर जन्ममृत्यूची नोंद सुरू झाली ती १९१३ मध्ये. म्हणजे १८०६ च्या सुमारास जन्मलेल्या या माणसाबद्दल ‘अमक्याचा मुलगा’ असं सांगणारा सरळ कागद बहुधा कधी तयारच झाला नाही. तो नाव टाकून सापडणार नाही. नातं सिद्ध करायचं तर ते जमिनीच्या व्यवहारांतून जुळवून काढावं लागतं, आणि त्यासाठी माणसाचं नाव शोधण्याऐवजी जमिनीचा माग काढायचा: ती त्याच्याकडे आली कशी आणि त्याच्या हातून गेली कशी.

आपल्याकडच्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो दप्तराच्या रचनेचा. आपण सातबारा, फेरफार या वाटेने विचार करतो. माणूस गेला की तलाठी वारसनोंद घेतो, फेरफार पडतो, आणि कोणाचा कोण ते एका कागदावर येतं. इथे तसं काही नाही. ‘आज या जमिनीचा मालक कोण’ हे सांगणारा उतारा काउंटी ठेवत नाही. ती ठेवते फक्त दस्तांच्या नकला, ज्या दिवशी आणून दिल्या त्या क्रमाने, जाडजूड वह्यांत उतरवलेल्या. आपल्या दुय्यम निबंधकाकडे जसे नोंदवलेले दस्त असतात तसंच, पण त्याच्या जोडीला तलाठी नाही असं समजा. त्यामुळे बापाकडून मुलाकडे वारसाने जमीन गेली, तर खरेदीखतांच्या वह्यांत काहीच उमटत नाही. ही उणीव वाटते, पण आपल्या कामासाठी तीच सगळ्यात बोलकी खूण आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

दप्तर कोणाकडे असतं हे राज्यावर अवलंबून आहे. नॉर्थ कॅरोलिनात खतं रजिस्टर ऑफ डीड्सकडे असतात, कोर्टाचे कागद कोर्टाच्या क्लार्ककडे, आणि जुने मूळ कागद बऱ्याच प्रमाणात राज्याची राजधानी राले इथल्या राज्य अभिलेखागारात. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हर्मॉन्टमध्ये मात्र जमिनीची खतं काउंटीकडे नसतातच, ती त्या त्या गावाच्या क्लार्ककडे असतात. व्हर्जिनियाच्या कित्येक काउंट्यांची दप्तरं आगीत आणि युद्धात गेली आहेत. मी पुढे जे सांगतो ते तुमच्या लिंकन काउंटीला धरून आहे; जावयांची दुसरी शाखा आणखी कुठे निघाली तर आधी त्या राज्याची पद्धत बघा.

आता शून्य निकालाबद्दल. काउंटीच्या साइटवरची नावाची चौकट सहसा फक्त अलीकडच्या काही दशकांची सूची शोधते, कारण तेवढीच नावं संगणकात टाइप केलेली असतात. जुन्या वह्या त्याच साइटवर असल्या तरी त्या नुसत्या छायाचित्रांच्या रूपात असतात. चौकटीला त्या दिसतच नाहीत. म्हणून ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेऊ नका. साइटवर ‘जुनी पुस्तकं’ किंवा ‘स्कॅन केलेल्या सूची’ अशा नावाचा वेगळा दरवाजा असतो, तो शोधा. तो नसेल तर फॅमिलीसर्चवर जा. सॉल्ट लेक सिटीतल्या मॉर्मन चर्चची ही संस्था आहे आणि खातं फुकट मिळतं. जगभरातल्या दप्तरांच्या मायक्रोफिल्मची सुमारे २४ लाख रिळं त्यांच्याकडे होती, त्यांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण झालं. तिथल्या कॅटलॉगमध्ये काउंटीचं नाव टाकून ‘जमीन व मालमत्ता’, ‘कोर्ट’ आणि ‘प्रोबेट’ (मृत्युपत्रं आणि मयतांच्या वारसांचे कागद) हे तीन विभाग उघडा. काही रिळांवर कुलूप दिसेल. ती फक्त त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात बसून बघता येतात. तुमची मुलगी अमेरिकेत आहे, तिच्या गावच्या ग्रंथालयात चौकशी करायला सांगा.

पण वही उघडण्याआधी एक काम आहे, आणि ते टाळणारे लोक महिनोन्महिने चुकीच्या दप्तरात शोधत बसतात. काउंटीच्या सीमा. तुमचा शेतकरी १८५० मध्ये लिंकनमध्ये होता, म्हणून त्याच्या आजोबाची खतं लिंकनमध्ये असतील असं नाही. आजोबा १७५५ च्या सुमारास कॅटॉबा नदीच्या पश्चिमेला आला असेल, तर तेव्हा ती जागा ॲन्सन काउंटीत होती. १७६२ च्या कायद्याने ॲन्सन तोडून मेक्लेनबर्ग झाली. १७६८ मध्ये मेक्लेनबर्गचा पश्चिम भाग काढून ट्रायन झाली. ट्रायन हे ब्रिटिश गव्हर्नरचं नाव. क्रांतीच्या काळात ते कोणाला नकोसं झालं आणि १७७९ मध्ये ती काउंटीच मोडून लिंकन आणि रदरफर्ड अशा दोन केल्या. पुढे लिंकनचेही तुकडे पडले: १८४१ मध्ये रदरफर्डचा काही भाग आणि लिंकनचा काही भाग मिळून क्लीव्हलँड, १८४२ मध्ये कॅटॉबा, १८४६ मध्ये गॅस्टन. घर आणि शेत जागेवरून हललं नाही, तरी नव्वद वर्षांत एका घराण्याचे कागद पाच काउंट्यांच्या नावाने तयार झाले असू शकतात. खत ज्या दिवशी नोंदवलं त्या दिवशीची काउंटी धरायची.

त्याच्या जोडीला राज्याची सीमाही. नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाची कॅटॉबाच्या पश्चिमेची हद्द १७७२ पर्यंत ठरलेलीच नव्हती. तोपर्यंत मेक्लेनबर्ग आणि ट्रायनच्या नावाने नॉर्थ कॅरोलिनाने दिलेल्या कितीतरी जमिनी नंतर साउथ कॅरोलिनात निघाल्या. आजोबाला जमीन मिळाल्याची नोंद उत्तरेच्या दप्तरात आणि ती विकल्याची दक्षिणेच्या, असं मी नेहमी पाहतो. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने जुन्या काउंटी सीमांचे तारीखवार नकाशे तयार केले आहेत. ते शेजारच्या खिडकीत उघडे ठेवूनच काम करा.

आता सूची. प्रत्येक काउंटीत दोन असतात: लिहून देणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची. दोन्ही बघायच्या, आणि तुमच्या माणसापुरत्या बघायच्या नाहीत. त्या आडनावाचा प्रत्येक माणूस, पहिल्या वहीपासून १८८० पर्यंत, सगळे उतरवून काढा. हे कंटाळवाणं आहे हे मान्य. पण यातूनच त्या आडनावाची कुटुंबं किती होती, कोण कुठल्या ओढ्यावर होतं, कोण कधी दिसेनासं झालं, हे समजतं. आडनावाची स्पेलिंगं सैल धरा. तुमचा भाग जर्मन वस्तीचा आहे. कारकून कानाला जसं ऐकू येईल तसं लिहीत, आणि झिमरमनचे कार्पेंटर, वेबरचे वीव्हर झालेले इथे सर्रास आहेत. काही राज्यांत सूची सरळ वर्णक्रमाने नसते. उदाहरणार्थ पेनसिल्व्हेनियातली रसेल सूची: आडनावाच्या पहिल्या अक्षरानंतर एल, एम, एन, आर, टी यांपैकी जे अक्षर आधी येईल त्यावर पान ठरतं. रचना ओळखल्याशिवाय पानं उलटू नका.

सूचीचं मोठं न्यून असं की ती बहुतेक वेळा फक्त पहिल्या नावावर लागते. सात भावंडांनी मिळून वडिलांची जमीन विकली तर सूचीत थोरल्याचं नाव आणि पुढे ‘व इतर’. तो ‘व इतर’ दिसला की ते खत आधी उघडा, आडनाव कोणतंही असो. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं नवऱ्यांसकट त्याच खतात असतात आणि त्यांचं आडनाव बदललेलं असल्यामुळे सूचीतून त्या कधीच सापडल्या नसत्या. तसंच कर्जापायी जमीन लिलावात गेली तर लिहून देणारा म्हणून शेरीफचं नाव येतं, मालकाचं नाही. कोर्टाच्या हुकमाने विकली तर कोर्टाच्या अधिकाऱ्याचं किंवा नेमलेल्या कमिशनरचं. म्हणून त्या काळातल्या शेरीफांची नावं काढून त्यांच्या नावाखालीही बघायचं.

प्रत्येक खतावर तारखा तीन असतात: लिहिल्याची, कोर्टात साक्षीदाराने शाबीत केल्याची आणि वहीत नोंदवल्याची. पहिली आणि तिसरी यांत वीस-तीस वर्षांचं अंतर असू शकतं. घरात पेटीत पडलेलं खत नातवाने जमीन विकताना काढलं आणि नोंदवलं, असं फार वेळा व्हायचं. त्या काळात नोंदवण्याची घाई नव्हती. आधी नोंदवेल त्याचा हक्क आधी, हा या राज्याचा कडक नियम १८८५ च्या कायद्याने आला. तुमचा माणूस १८६० मध्ये वारला असं धरून तुम्ही १८६५ ला थांबलात, तर त्याचं १८३० चं खत १८७८ च्या वहीत पडून राहील.

तुमच्यासारख्या शोधकर्त्यांना गेल्या दोन-तीन वर्षांत एक मोठं साधन मिळालंय. फॅमिलीसर्चने २०२४ मध्ये संपूर्ण मजकुरात शोध घ्यायची सोय खुली केली. संगणक जुनं हस्ताक्षर स्वतः वाचतो आणि कुठलाही शब्द, मग तो साक्षीदाराचं नाव असो की शेजाऱ्याचं, शोधून देतो. सुरुवातच अमेरिकेतल्या जमीन आणि प्रोबेटच्या कागदांनी झाली, म्हणजे नेमकी आपल्याला हवी ती दप्तरं. सूचीने लपवलेला ‘व इतर’ आता उघडा पडतो. पण लोक त्यातही पूर्वजाचं पूर्ण नाव टाकतात आणि हजारो निकालांत हरवतात, किंवा काहीच न मिळून थांबतात.

मी ते असं वापरतो. आधी काउंटी आणि साल यांची चाळणी लावतो. मग आडनावाच्या आधी अधिकचं चिन्ह लावून ते सक्तीचं करतो आणि त्याच्या जोडीला ओढ्याचं नाव टाकतो. या भागात जमीन चौरस आखलेली नव्हती, म्हणून प्रत्येक खतात जमीन कुठल्या पाण्यावर आहे ते लिहिलेलं असतं: ‘इंडियन क्रीकच्या पाण्यावर’, ‘लाँग क्रीकच्या दोन्ही काठांवर’. माणसाचं नाव कारकुनाने दहा प्रकारे लिहिलं असेल, ओढ्याचं नाव मात्र बरंच स्थिर राहतं. एका नावाची तीन माणसं एका काउंटीत असतात तेव्हा ओढाच त्यांना वेगळं करतो. त्यानंतर आडनाव काढूनच टाकतो आणि चतुःसीमेतल्या दोन शेजाऱ्यांची नावं ओढ्यासह टाकतो. तुमचं आडनाव संगणकाने चुकीचं वाचलं असेल तर ते खत असंच हाती लागतं. पहिलं नाव संक्षेपातही टाकून बघा. जॉन, जेम्स, विल्यम, टॉमस ही नावं कारकून क्वचितच पूर्ण लिहितो, आणि त्याचे ‘जेएनओ’, ‘जेएएस’ संगणक आपणहून ओळखेलच असं नाही. स्पेलिंगमधल्या एका शंकास्पद अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, अनेक अक्षरांच्या जागी तारांकन चालतं.

निकाल उघडला की मागचं आणि पुढचं पान न चुकता बघा. खत अनेकदा एका पानाच्या तळाशी सुरू होऊन दुसऱ्यावर संपतं, आणि साक्षीदार, सह्या-फुल्या, शाबितीची नोंद हे सगळं दुसऱ्या पानावर राहतं. संगणकाने उतरवलेल्या मजकुरावर विसंबून नावं वंशावळीत घेऊ नका. मूळ अक्षर डोळ्यांनी वाचा. आणि हेही लक्षात असू द्या की वहीतली सही पूर्वजाची नाही, सगळी वही कारकुनाच्या हातची नक्कल आहे. फुलीची खूण मात्र कारकून जशीच्या तशी नोंदवतो, आणि एक जण सही करणारा व दुसरा फुली करणारा असेल तर ती दोन माणसं असण्याची शक्यता मोठी.

खत वाचताना रक्कम आणि कारण आधी बघा. ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा’ हे कारण आणि एक डॉलर किंवा पाच शिलिंग ही रक्कम दिसली तर ते आपल्याकडचं बक्षीसपत्र समजा. नातं जवळचं आहे, आणि बरेचदा ‘माझा मुलगा’ असं लिहिलेलंही असतं. साक्षीदारांची आणि सीमेवरच्या शेजाऱ्यांची नावं वेगळ्या वहीत टिपत जा. सरकारकडून जमीन मिळाली असेल तर मोजणीच्या नकाशावर साखळी धरणाऱ्या दोघांची नावं असतात. ते मजूर बहुतेक घरचे किंवा शेजारचे तरुण असत. तरुण माणसाचं नाव दप्तरात पहिल्यांदा येतं ते अनेकदा इथेच.

आणि पत्नीची सही. याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इंटरनेटवरचे सर्वसाधारण सल्ले इथे तुमची दिशाभूल करतील. बऱ्याच राज्यांत नवऱ्याने जमीन विकली की बायकोही तिचा विधवाहक्क (नवऱ्याच्या मागे त्याच्या जमिनीतला तिचा वाटा) सोडल्याची सही करते, त्यामुळे सहीतून फक्त बायकोचं नाव कळतं. नॉर्थ कॅरोलिनात १७८४ च्या कायद्याने तो हक्क नवऱ्याच्या मृत्यूसमयी त्याच्या नावावर असेल तेवढ्याच जमिनीपुरता केला, आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तसंच चाललं. म्हणजे या काळात नवऱ्याने जिवंतपणी विकलेल्या जमिनीला बायकोच्या सहीची गरजच नव्हती. मग १८३५ च्या खतावर बायकोची सही दिसली, आणि तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन ‘स्वखुशीने देतेस का’ असं विचारल्याची नोंद दिसली, तर ती जमीन बहुधा तिच्या माहेरची आहे. अशा खतातून मी बायकांची माहेरं शोधून काढली आहेत, जी दुसऱ्या कुठल्याही कागदात नव्हती. नातीच्या वंशावळीत बायका नुसत्या पहिल्या नावाने उरू नयेत असं तुम्हाला वाटत असेल, तर ही खतं सोडू नका.

आता त्या न उमटणाऱ्या व्यवहाराकडे येतो. सगळी खतं उतरवून झाली की जमिनीच्या प्रत्येक तुकड्यापुढे दोन रकाने करा: कोणाकडून आली, कोणाला गेली. काही तुकड्यांचा एक रकाना रिकामा राहील. तुमच्या शेतकऱ्याने १८४० मध्ये इंडियन क्रीकवरचे शंभर एकर विकले, पण ते घेतल्याचं खत कुठेच नाही. किंवा त्याच आडनावाच्या एका म्हाताऱ्याने १७९५ मध्ये ओढ्यावर जमीन घेतली, आणि ती कधीच विकली नाही. या दोन रिकाम्या जागांची चतुःसीमा एकमेकींना जुळली, म्हणजे तेच शेजारी, तोच पांढऱ्या ओकचा कोपरा, तोच अंतरांचा क्रम, तर जमीन वारसाने गेली असण्याचा संभव मोठा. वारसाने गेली म्हणजे प्रकरण बहुधा कोर्टात असणार.

कोणत्या कोर्टात, हे सालावर ठरतं. १८६८ पर्यंत काउंटी कोर्ट वर्षातून चार वेळा बसे आणि मृत्युपत्रं, वारसांचे कागद, अज्ञान मुलांचे पालक, रस्ते, सगळं तिथेच होई. वाटणीचे काही दावे इक्विटी कोर्टात जात. १८६८ नंतर वाटणीचे अर्ज सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे ‘विशेष कार्यवाही’ म्हणून सापडतात. वाटणीचा एक अर्ज हाती लागला की पिढी सुटते: मयताचं नाव, सगळ्या वारसांची नावं, मुली कोणाला दिल्या, एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याची मुलं, आणि कोण टेनेसी किंवा मिसुरीला निघून गेलं. गेलेल्यांनी पाठवलेली मुखत्यारपत्रं पुन्हा खतांच्या वहीत नोंदलेली असतात. मृत्युपत्र नसणं ही वाईट बातमी समजू नका. मृत्युपत्रात बाप ‘माझ्या सगळ्या मुलांना’ एवढं लिहून मोकळा होतो. मृत्युपत्राविना गेला तर कोर्टाला प्रत्येक वारस मोजावा लागतो.

या मयतांच्या फायली नॉर्थ कॅरोलिनाने काउंटीवार, नावांच्या वर्णक्रमाने जपल्या आहेत, आणि त्यांतल्या मोठ्या भागाची छायाचित्रं फॅमिलीसर्चवर ‘नॉर्थ कॅरोलिना इस्टेट फाइल्स’ या संग्रहात आहेत. त्या आडनावाची लिंकनमधली प्रत्येक फाइल पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत वाचा. लिलावाची यादीसुद्धा. घरातली भांडी, नांगर, गाय कोणी विकत घेतली त्यात विधवा, मुलं आणि जावई असतातच. एक सावधगिरी: कोर्टाच्या भाषेत अनाथ म्हणजे बाप गेलेलं मूल, आई हयात असली तरी. चौदा वर्षांवरचं मूल आपला पालक स्वतः निवडू शके आणि एकविसाव्या वर्षी जमीन विकू शके. त्यावरून वयांचा अंदाज बांधता येतो.

वारसाहक्काचा कायदाही डोक्यात असू द्या. १७८४ पर्यंत इथे मृत्युपत्राविना गेलेल्याची जमीन एकट्या थोरल्या मुलाला जाई. १७७० च्या दशकात कोणी एकट्याने बापाची जमीन विकली आणि मधलं खत नाही, तर तो थोरला असावा. १७८४ नंतर मुलगे सारखे, आणि १७९५ पासून मुलीही. म्हणून तुमच्या काळातल्या वाटणीत मुली न दिसल्या तर त्यांना आधीच काही देऊन झालं होतं का, हे बघायचं.

याच फायलींत तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसेल, आणि ती नजरेआड करू नका असं मी कळकळीने सांगतो. वारसांमध्ये वाटल्या गेलेल्या गोष्टींत माणसं असतील. गुलाम केलेल्या स्त्रियांची, पुरुषांची, लहान मुलांची नावं, वय आणि किंमत, घोड्यांच्या आणि मक्याच्या ओळीत. विक्रीची आणि बक्षिसाची खतं जमिनीच्याच वहीत नोंदलेली असतात. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत या माणसांची नावंही लिहिली नाहीत, फक्त मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण. त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे जायचं असेल तर हीच खतं, हेच वाटणीचे कागद हा अनेकदा मुख्य रस्ता असतो. असा कागद दिसला तर नावं, तारीख, वही आणि पान उतरवून ठेवा आणि तुमच्या वंशावळीत ती नोंद जोडा. ग्रीन्सबरोच्या विद्यापीठाने नॉर्थ कॅरोलिनातल्या अशा खतांची शोधण्यासारखी सूची ‘पीपल नॉट प्रॉपर्टी’ या नावाने केली आहे, तीही बघा. कोणीतरी आपली पणजी शोधत तिथवर येणार आहे.

हे सगळं पूर्वजाकडे जमीन होती असं धरून. नसेल तर? कुळाने शेती करणारे, मजूर, कारागीर अनेक होते. मग खतं कमी आणि कोर्टाच्या कामकाजाच्या वह्या जास्त वाचायच्या. रस्ता दुरुस्त करायला कोर्टाने नेमलेल्या माणसांच्या याद्या म्हणजे एका ओढ्यावरच्या शेजाऱ्यांची यादीच. कराच्या याद्या असतात. लग्नाचे जामीनपत्र १८६८ पर्यंत घेत, आणि जामीन राहणारा बहुतेक वधूचा बाप किंवा भाऊ, नाहीतर वराचा. विवाहबाह्य संततीच्या पोटगीचे जामीन आहेत, शिकाऊ म्हणून बांधून दिलेल्या मुलांचे करार आहेत. यातून निघणारं उत्तर मात्र खतांइतकं पक्कं नसतं, आणि कधीकधी दोन शक्यतांवरच थांबावं लागतं. तशी वेळ आली तर वंशावळीत दोन्ही शक्यता कारणांसह लिहा. त्या साइटवरच्या तीन बापांपैकी जो बरा वाटला तो उचलला, असं करू नका. आणि ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ दिसलं म्हणून बाप-लेक समजू नका. एकाच गावातल्या एका नावाच्या थोरल्या-धाकट्यांना, काका-पुतण्यांना, नात्यात नसलेल्यांनाही तसंच लिहीत.

तुमच्या बाबतीत मी हा क्रम लावीन. आधी १८५० च्या त्या पानावरची वरची-खालची पंधरावीस घरं उतरवा. मग तुमच्या शेतकऱ्याने जमीन विकल्याची किंवा मेल्यावर वाटल्याची नोंद शोधा. तिच्यातून ओढा आणि शेजारी मिळतील. तिथून मागे जा, तो तुकडा त्याच्याकडे कसा आला ते बघा. घेतल्याचं खत निघालं आणि लिहून देणारा त्याच आडनावाचा असेल, तर रक्कम आणि बाजारभाव ताडून बघा. खत नाहीच निघालं, तर १८२५ ते १८५० या काळात लिंकनमध्ये वारलेल्या त्या आडनावाच्या प्रत्येकाची फाइल वाचा. त्यानंतरच गॅस्टन, कॅटॉबा, क्लीव्हलँड. प्रत्येक नोंदीला वहीचा क्रमांक, पान आणि तिन्ही तारखा लावत जा, म्हणजे काही दिवसांनी उघडली तरी ती पुन्हा शोधावी लागणार नाही.

फाइल ऑनलाइन मिळाली नाही तर रालेच्या अभिलेखागाराला काउंटी, मयताचं नाव आणि अंदाजे साल लिहून प्रत मागवता येते. आणि त्या शेतकऱ्याचं एखादं खत हाती लागलं, तर त्यातल्या ओढ्याचं नाव आणि चतुःसीमा इथेच लिहा. लिंकनमधले ओढे मला बरेचसे माहीत आहेत, जमीन आजच्या नकाशावर कुठे बसते ते मी मांडून बघतो.